नाव सापडेपर्यंत

शिपायाने सकाळचं टपाल वाटताना एक लांबट खाकी पाकीट ताईंच्या टेबलावर ठेवलं आणि तो पुढे गेला. एवढंच. पण समोरच्या टेबलाशी बसलेल्या त्याने ते लगेच ओळखलं, कारण असंच पाकीट, डाव्या कोपऱ्यात तोच निळा शिक्का असलेलं, त्याच्या घरी कपाटात चादरींच्या घड्यांखाली होतं. दुसऱ्या कुणाला ते विम्याचं वाटलं असतं, बिलाचं वाटलं असतं. पाकिटाची वरची कड कापलेली होती आणि तिच्याखाली आवक विभागाचा गोल शिक्का पडला होता. ऑफिसच्या पत्त्यावर जे येईल ते आधी आवक विभागात फोडायचं, कुणाकडून काय आलं ते वाचून नोंदवायचं आणि मग ज्याचं त्याला द्यायचं, ही तिथली जुनी पद्धत. म्हणजे ताईंच्या आधी निदान दोघांनी तरी ते वाचलं होतं. शिपाई रोज त्याच्या टेबलापाशी थांबून काहीतरी टवाळी करायचा, आज तसाच पुढे गेला, हे त्याला आत्ता उमगलं. ताईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि त्या वाचायला लागल्या. वाचताना त्यांचे ओठ हलतात. त्याने नजर वळवली, पण ओठ हलत असल्याचं त्याला न बघताही दिसत राहिलं.

ऑफिस बससेवेचं. शहरभर फिरणाऱ्या बसमध्ये लोक जे विसरून जातात ते डेपो-डेपोतून पोत्यात भरून इथे येतं. पुढे काउंटर, मागे रॅकच्या रांगा, आणि त्यांच्यामागे एक खोली, तिच्यात एक लांब टेबल आणि वर पांढरा दिवा. त्या टेबलाशी तो इतकी वर्षं एकटा उभा राहत आला होता. आलेली बॅग उघडायची, मालकाचं नाव शोधायचं, आणि नाव सापडलं की थांबायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. ज्या म्हाताऱ्या कारकुनाच्या हाताखाली तो शिकला, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बॅग म्हणजे परक्याचं घर, आपण पत्ता विचारायला दारात उभे आहोत, पत्ता कळला की वळायचं, आत काय शिजतंय त्याचा वास घेत बसायचं नाही. त्याला ते पटलं होतं आणि पुढे अंगवळणी पडलं होतं. तळहात सपाट ठेवून तो कपड्यांच्या थरांखाली घालायचा आणि घडी न मोडता अख्खा थर उचलून बाजूला ठेवायचा. ते बघून कुणीतरी त्याला डॉक्टर म्हणालं आणि ते नाव कायमचं चिकटलं. पगार बेताचा, खोलीला खिडकी नाही, पण त्या टेबलाशी उभं राहिलं की त्याला आपण एक बरा माणूस आहोत असं वाटायचं. ते त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, बायकोलाही नाही.

दिवाळं वाजलं म्हटलं की लोकांना जुगार आठवतो, दारू आठवते, गेलाबाजार एखादा बुडालेला कारखाना तरी आठवतो. त्याचं तसलं काहीच नव्हतं. नाकासमोर चालणारा माणूस. बायको आजारी पडली आणि बरी होतेय, बरी होतेय असं होत राहिलं, एवढंच. प्रत्येक वेळी डॉक्टर, म्हणजे खरे डॉक्टर, एक नवं औषध सांगायचे, आणि प्रत्येक वेळी तो हॉस्पिटलच्या खिडकीशी उभा राहून कुठल्या ना कुठल्या कागदावर सही करायचा. मग एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून, दुसऱ्याचा तिसऱ्यातून. ती गेली तेव्हा देणी मात्र धडधाकट होती. वसुलीचे फोन सुरू झाले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं मेहुणा तेराव्याला माणसांसमोर म्हणाला, तेव्हा त्याला सांगावंसं वाटलं होतं की अंथरुणावर ती होती, मी पाय कुठे पसरणार. शेवटी त्याने नादारीचा अर्ज केला. वकील मोठा धीर देणारा होता. म्हणाला, नोकरीची काळजी सोडा, ह्या कारणावरून कुणाला कामावरून काढता येत नाही, तसा कायदाच आहे. आणि कळणार कुणाला? कोर्टाचे कागद चाळत बसायला लोकांना धंदे नाहीत का? झाकली मूठ झाकलेलीच राहील, फक्त एक करा, एकूण एक देणं लिहा. एक जरी मागे ठेवलंत तर सगळं मुसळ केरात.

त्याने एकूण एक लिहिलं. वकिलाने शेवटी विचारलं होतं, मित्रांकडून, ओळखीपाळखीत काही हातउसने? तेव्हा त्याला ती संध्याकाळ आठवली होती, ॲम्ब्युलन्सवाला आगाऊ पैशांवर अडून बसला होता आणि ताईंनी पर्स उघडून होतं नव्हतं ते सगळं त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबलं होतं, मोजलंही नव्हतं. घरी गेल्यावर त्याने मोजलं होतं. घेतले ते घेतले. त्याने ताईंचं नाव शेवटच्या ओळीत घातलं. मग वकिलाने पत्ता विचारला. जिच्यासमोर बसून उमेदीची सगळी वर्षं काढली त्या बाईच्या घराचा पत्ता त्याला ठाऊक नव्हता. नदीपलीकडे कुठेतरी, दोन बस बदलून, एवढंच माहीत. दुसऱ्या दिवशी विचारला असता तर ताई म्हणाल्या असत्या, कशाला रे, आणि मग काय सांगणार? त्याने ऑफिसचा पत्ता दिला. टपाल फोडून वाचायची पद्धत त्याला ठाऊक नव्हती असं नाही, पाठ होती, पण आपण लिहितोय ती ओळ कधीतरी पाकिटात बसून ह्याच इमारतीत चालत येईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. यादी लिहून झाली तेव्हा उलट त्याला हलकं वाटलं होतं, काहीही लपवलं नाही म्हणून. रस्त्याने येताना त्याने स्वतःला एक कप कॉफीसुद्धा पाजली होती.

ताई चहाच्या वेळेपर्यंत रजिस्टर भरत राहिल्या. पाकीट दुमडून त्यांनी पर्समध्ये टाकलं होतं. जिन्यापाशी दोघं नेहमी उभे राहायचे तिथे त्या आल्या, पेल्यावर हात गुंडाळून उभ्या राहिल्या, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "मी सावकार होय रे?"

"तसं नाही, ताई. सगळं लिहायला सांगितलं होतं."

"तू मागितले नव्हतेस. मी दिले होते. मागितलेल्यात आणि दिलेल्यात काही फरक असतो की नाही?"

पत्रात ताईंना धनको म्हटलं होतं, त्यांचा अनुक्रम होता, त्यांनी अमुक तारखेच्या आत आपला दावा सादर करावा असं म्हटलं होतं. पगार झाल्यावर मी तुमचे आधी देतो, असं तो पुटपुटला, आणि पुटपुटतानाच त्याला आठवलं की तेही आता करता येणार नव्हतं, सगळ्यांना सोडून एकालाच पैसे दिले तर तो गुन्हा, असं वकिलाने बजावलं होतं. म्हणजे जे ताईंनी विसरायचं ठरवलं होतं ते त्याने आठवणीत आणून दिलं, आणि आणून दिल्यावर ते फेडायचीही सोय ठेवली नाही. त्याला लाज वाटली, पण लाजेपेक्षा वेगळं, जास्त खोल काहीतरी वाटलं. ह्या जिन्यापाशी प्यालेले सगळे चहा आता हिशेबात धरले जातील की काय, असं वाटलं. ताई पेला अर्धा ठेवून गेल्या. तो त्याने उचलून धुतला आणि जागेवर ठेवला.

साहेबांनी दुपारी बोलावलं. साहेब वयाने त्याच्या मुलीएवढे, वाईट माणूस नव्हे. त्यांनी दार हळूच लावून घेतलं आणि त्याला बसायला सांगितलं, जे आजवर कधी सांगितलं नव्हतं. खुर्चीत बसल्यावर त्याला कळलं की गोष्ट गंभीर आहे. साहेबांना सगळं ऐकून फार वाईट वाटलं होतं. त्यांच्याही एका काकांचं असंच झालं होतं. नोकरीला काही धक्का नाही, उलट ऑफिस पाठीशी आहे. फक्त एक बारीकशी गोष्ट, ह्यापुढे बॅग उघडताना दोन माणसं हजर असावीत आणि नोंदीवर दोघांच्या सह्या असाव्यात. ही खरं तर आधीपासूनच असायला हवी होती अशी पद्धत आहे. "अविश्वास मुळीच नाही, डॉक्टर. तुमच्याच भल्यासाठी. उद्या कुणी काही म्हणालं तर?" आणि दुसरं माणूस म्हणून ताई बऱ्या, तुमचं दोघांचं जमतं. त्याने मान हलवली. बाहेर येताना त्याने साहेबांचे आभार मानले. आभार कशाचे, ते त्याला जिना उतरेपर्यंत कळेना.

पहिल्या दिवशी ताई टेबलापलीकडे उभ्या राहिल्या आणि त्याचे हात, जे कधी अडखळले नव्हते, अडखळले. कुणीतरी आपल्या हातांकडे बघतंय म्हटल्यावर हात आपले राहत नाहीत. चेनचं टोक सापडेना. घडी मोडली. नाव सापडल्यावर बॅग बंद करून त्याने दोन्ही तळवे वर करून ताईंसमोर धरले. "हे काय करतोस?" ताईंनी विचारलं. आपण काय केलं ते तेव्हा त्याच्या लक्षात आलं. रिकामे तळवे. कुणी मागितलं नव्हतं. त्याने हात खाली घेतले आणि खिशात घालणार तोच त्याला वाटलं, खिशात नको, आणि मग त्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. दुसऱ्या दिवसापासून ताई भिंतीकडे बघत उभ्या राहायला लागल्या आणि न बघता सही करायला लागल्या. त्याला ते जास्त लागलं. दोघं रोज जवळजवळ उभे राहायचे आणि कामापलीकडे बोलायचे नाहीत. चहाला ताई आता काउंटरवरच्या मुलींबरोबर जायच्या.

त्याच सुमारास कोर्टाने नेमलेला माणूस त्याच्या घरी येऊन गेला होता. रविवारची सकाळ, पडद्यातून आलेलं ऊन, आणि बूट दाराबाहेर काढू का म्हणून विचारणारा एक सभ्य तरुण. घरात काय विकण्याजोगं आहे ते पाहायचं, एवढंच त्याचं काम. फ्रिज, पंखा, खुर्च्या. मग तरुण कपाटाकडे वळला, आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं की हा तरुणही तळहात सपाट ठेवतो, थर न विस्कटता उचलतो, उचललेलं डाव्या बाजूला ठेवतो. कुणी शिकवलं असेल ह्याला? क्षणभर त्याला बरंही वाटलं, कारागिराला कारागीर भेटल्यासारखं. आता हा थांबेल, असं त्याला वाटत राहिलं. पण तरुण थांबेना. थांबणार कसा? त्याला नाव शोधायचं नव्हतं, नाव त्याच्या हातातल्या कागदावर छापलेलंच होतं. त्याला फक्त उरलेलं सगळं बघायचं होतं. बायकोच्या कप्प्यात तळाशी बिस्किटांचा एक जुना डबा होता. तो तिच्यामागे त्याने उघडला नव्हता, ती असतानाही नव्हता. तरुणाने उघडला. बटणं, सेफ्टी पिना, मुलीचा पहिला पडलेला दात कापसात, आणि एक लिपस्टिक. गडद लाल. तरुणाने टोपण काढलं, बघितलं, परत लावलं. "ह्याचं शून्य," तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि त्याने डबा बंद केला.

तरुण गेल्यावर त्याने डबा पुन्हा उघडला. लिपस्टिक पार तळापर्यंत झिजलेली होती. नवी असती तर म्हटलं असतं कुणी भेट दिली, तिने ठेवून दिली. ही वापरलेली होती, वर्षानुवर्षं, पुरवून पुरवून, शेवटी काडीने कोरूनसुद्धा. आणि तिच्या ओठांवर तो रंग त्याने आयुष्यात एकदाही पाहिला नव्हता. कधी लावत असेल? तो कामावर, मुलगी शाळेत, तेव्हा ह्या आरशासमोर? लावून काय करत असेल, बसत असेल नुसती? खिडकीशी उभी राहत असेल? आणि संध्याकाळी त्याची किल्ली दारात फिरायच्या आत पुसत असेल. का पुसत असेल? तो काही बोलला नसता. बोलला असता का? संशय वगैरे त्याच्या मनात आला नाही, आला असता तर सोपं झालं असतं. त्याला फक्त दुःख झालं, अगदी सरळ, छातीत दुखावं तसं. बायकोलाही त्याने नाव सापडेपर्यंतच पाहिलं होतं, आणि मग शहाण्यासारखं थांबला होता. ती दाराशी उभी राहून कधी आत ये म्हणाली असेल, तर त्याला ते ऐकू आलं नव्हतं. त्या रविवारी तो जेवला नाही. संध्याकाळी मुलीचा फोन आला. गेल्या काही वर्षांत कुणाला काही दिलंत का, ह्या अर्जातल्या प्रश्नाला त्याने आईचं शिवणयंत्र मुलीला दिल्याचं सांगितलं होतं, आणि आता तिलाही पत्र गेलं होतं. "बाबा, मशीन परत पाठवायचं का?" एवढंच तिने विचारलं. ती रागावली नव्हती. तिचा आवाज तिच्या आईसारखा झाला होता, दुखत असलं की व्हायचा तसा.

आणि मग ती हिरवी बॅग आली. गुरुवारी सकाळच्या पोत्यात, जाड कापडाची, पट्टा एका बाजूने उसवलेला. वरच्या कप्प्यात नाव नाही, बाजूच्या कप्प्यात नाही. त्यामुळे खोल जावं लागलं. बाईचे दोन ड्रेस, घाईत गुंडाळलेले. न फोडलेला टूथब्रश. गोळ्यांची पट्टी. एक लोकरी मोजा, गाठ मारलेला, आत काही जड, हाताला बांगड्यांची गोलाई लागणारं. गाठ त्याने सोडली नाही. अगदी तळाशी, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, शाळेचे, कॉलेजचे दाखले, आणि त्यांच्यावर नाव. एकच मोजा होता, दुसरा नव्हता. कितीतरी आठवड्यांनी ताई भिंतीकडे न बघता टेबलाकडे बघत होत्या. "ही दिवसभरासाठी भरलेली बॅग नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. नाव सापडलं, असं तो म्हणाला आणि त्याने एकेक थर परत जागच्या जागी लावला. दोघांनी सह्या केल्या. बॅग मागच्या रॅकवर गेली.

दुपारी तो आणि ताई काउंटरवर असताना बॅगेची मालकीण आली, नवऱ्याबरोबर. बोलत होता नवराच. हिरवी बॅग, सकाळची बस, ही बहिणीकडे निघाली होती म्हणे दुपारपुरती, वेंधळी आहे, मध्येच काय बसमधून उतरली काय माहीत, मला शेजाऱ्याने सांगितलं. तो हसत बोलत होता आणि त्याचा हात तिच्या कोपराच्या वर होता. काउंटरचा नियम असा, की बॅग कुणाची ते पटवायला आतल्या तीन वस्तू मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायच्या. नवऱ्याला तो नियम भिंतीवर वाचता आला. "विचारा की हिला काय काय होतं," तो म्हणाला. "मलाही कळू दे." बाईने वर पाहिलं नाही. ती काउंटरच्या कडेवर ठेवलेल्या त्याच्या हातांकडे बघत होती, जणू त्या हातांनी आज सकाळी काय उचललं आणि काय ठेवलं ते तिला दिसत होतं. हा प्रश्न त्याने आयुष्यात हजारो वेळा विचारला असेल, रांगेसमोर, मोठ्याने, नावं खणखणीत घ्या म्हणत. लोक कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत कसली कसली नावं घ्यायचे. त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आता त्याच्या जिभेवर तो प्रश्न आला आणि तिथेच अडकला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो सभ्य तरुण टोपण काढून बघत होता.

"हिरवी बॅग आलेली नाही," तो म्हणाला.

स्वतःचा आवाज त्याला लांबून ऐकू आला. नवरा म्हणाला, कंडक्टरने तर जमा केली म्हणून सांगितलंय. असेल, तो म्हणाला, संध्याकाळच्या पोत्यात येईल. नवऱ्याचं समाधान झालं नाही, तो ताईंकडे वळला आणि म्हणाला, तुम्ही बघा जरा ते रजिस्टर. ताईंनी रजिस्टर ओढलं. पान उघडलं. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली येत गेलं आणि त्यांच्या स्वतःच्या सहीवर येऊन टेकलं. त्याला वाटलं, आता संपलं. ह्या बाईला आपण कागदावर सावकार केलं, ती आता आपल्यासाठी नोकरी का पणाला लावेल? कुणीही लावू नये. बोट सहीवरून खाली उतरलं आणि पानाच्या तळापर्यंत गेलं. "नाही," ताई म्हणाल्या. मग त्याने बाईला, फक्त बाईला उद्देशून सांगितलं की उद्या चौकशी करा, ऑफिस सकाळी लवकर उघडतं, ज्याची बॅग त्यानेच यावं, दुसऱ्या कुणाची गरज नसते. तिने पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

संध्याकाळी रॅकना कुलपं लावताना आपण काय करून बसलो ते त्याला नीट कळलं. ज्याचं दिवाळं सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे अशा माणसाने सोनं असलेली बॅग रॅकवर असताना आली नाही म्हणून सांगितलं. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर चूक ठरली असती. त्याने केलं म्हणजे त्याला एकच नाव होतं. आणि ती आलीच नाही तर? घाबरून गप्प बसली तर? ताई दारात त्याची वाट बघत थांबल्या होत्या, कित्येक दिवसांनी. "येईल ना रे ती?" त्यांनी विचारलं. येईल, तो म्हणाला, आणि दोघं बसस्टॉपपर्यंत बरोबर चालत गेले.

ती आली, शटर पुरतं वर जायच्या आत. एकटी. त्याने नियमाप्रमाणे विचारलं, अगदी हळू आवाजात, आणि तिने त्याहून हळू सांगितलं, ड्रेस, दाखले, मोजा. सही करताना तिचं अक्षर हललं नाही. बॅग खांद्याला लावल्यावर ती थांबली.

"तुम्ही आत सगळं पाहिलंत?"

"नाव सापडेपर्यंत," तो म्हणाला.

ती ज्या बाजूने आली होती त्या बाजूला गेली नाही. रस्ता ओलांडून लांबच्या गाड्या सुटतात तिकडे गेली. ताईंनी आणि त्याने ते काचेतून पाहिलं आणि मग दोघांनीही एकाच वेळी दुसरं काहीतरी काम काढलं.

नवरा सोमवारी आला तो थेट साहेबांकडे, कंडक्टरला बरोबर घेऊन. त्यानंतर साहेबांनी त्याला पुन्हा बोलावलं, पुन्हा बसायला सांगितलं, ह्या वेळी दार लावलं नाही. गुरुवारी सकाळची नोंद आहे, गुरुवारी दुपारी बॅग नाही म्हणालात, शुक्रवारी सकाळी दिलीत. आत सोनं होतं असं तो म्हणतो. मधल्या वेळात बॅग कुठे होती? रॅकवर, तो म्हणाला. मग दिसली कशी नाही? साहेबांचा चेहरा खरोखर दुःखी होता, त्यांना काहीतरी चांगलं ऐकायचं होतं. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं, आणि साहेबांनी ते समजूनही घेतलं असतं. पण साहेब म्हणाले, लेखी द्या. आणि लेखी दिलेला कागद ह्या इमारतीत कुठून कुठे जातो ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो आवकमध्ये फोडला जाईल, वाचला जाईल, जावकमध्ये त्याची प्रत निघेल, आणि तक्रारदाराला उत्तर म्हणून नवऱ्याच्या हातात पडेल. बॅगेत काय होतं, ती कशासाठी भरली होती, रस्ता ओलांडून ती कुठे गेली. ताईंनीही रजिस्टर पाहिलं होतं ना, साहेबांनी विचारलं. मी चुकीचं पान उघडून दिलं होतं, तो म्हणाला. साहेबांनी एक कोरा कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याने टेबलाशी बसून खुलासा लिहिला. ज्याने ताईंनी खिशात कोंबलेल्या नोटासुद्धा यादीत घातल्या होत्या, काही लपवलं नाही म्हणून जो हलका झाला होता, त्याने एक ओळ लिहिली, की बॅग नजरचुकीने दिसली नाही, चूक सर्वस्वी माझी. पुढचा सगळा कागद कोरा होता. पेन पुढे जायला बघत होतं. तो थांबला. आत आणखी कितीतरी होतं आणि ते त्याने आतच राहू दिलं, आणि ह्या खेपेला त्याला मुळीच हलकं वाटलं नाही. कागद जड होता. तो त्याने साहेबांच्या टेबलावर ठेवला.

नोकरी गेली नाही. साहेबांनी पुन्हा समजावून सांगितलं की नादारीच्या कारणावरून कुणाला हात लावता येत नाही आणि लावलेलाही नाही, हे निराळं कारण आहे. त्याला मागच्या आवारातल्या छत्र्यांच्या शेडमध्ये पाठवलं, जिथे कुलपं नाहीत, कारण नेण्याजोगं काही नाही. टेबल काउंटरवरच्या एका मुलीकडे गेलं. लोक तोंडावर काही बोलले नाहीत. पण दोन आणि दोन चार करायला शाळा लागत नाही. नादार माणूस, समोर सोनं, मोह झाला असेल बिचाऱ्याला, वेळेवर सुचलं म्हणून परत केलं. बिचारा हा शब्द त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला, शिपायाच्या तोंडून. चोर म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. छत्र्यांवर कुणाचंच नाव नसतं. पहिल्या दिवशी त्याने सवयीने एक उघडून आत पाहिलं, काड्यांमधून पत्र्याच्या भोकाचा उजेड आला, आणि त्याने ती मिटली. इथे उघडायचं असं काही नव्हतं. लांबी बघायची, रंग बघायचा, खिळ्याला अडकवायची. त्याला टेबलाची आठवण इतकी आली की त्याने दोन्ही तळवे एका खोक्यावर सपाट ठेवले आणि तसाच उभा राहिला.

चहाच्या वेळी दारात सावली पडली. ताई दोन पेले घेऊन आवार ओलांडून आल्या होत्या. एक पेला त्यांनी त्याच्या हातात दिला आणि त्या खोक्यावर टेकल्या. मी जाऊन सांगते साहेबांना, त्या म्हणाल्या. त्याने मान हलवून नको म्हटलं. बाई कुठवर पोचली असेल, ह्यावर थोडं बोलणं झालं. मग त्यांनी आपल्या घराचा पत्ता सांगितला, नदीपलीकडे, दोन बस, पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, रविवारी ये म्हणाल्या. तो पत्ता त्याने मनात दोनदा म्हटला.

"आणि हे बघ," ताई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला कोर्टाने विचारलं, तर अमुक बाईकडून रोजचा एक चहा हातउसना, असं लिहू नकोस."

तो हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला हसू आलं, चांगलं मोठ्याने, आणि ते मध्येच कुठेतरी मोडलं आणि तो रडायला लागला, पेला हातात तसाच धरून, लहान मुलासारखा, नाक पुसायचं भान न राहता. बायकोसाठी रडला, त्या झिजलेल्या लाल रंगासाठी रडला, मुलीच्या आवाजासाठी आणि आपल्या टेबलासाठी रडला. ताई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि त्याच्याकडे पाठ करून, आवाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या, म्हणजे आत कुणाला काही दिसू नये. चहा निवला तरी त्या तशाच उभ्या होत्या.